सर्पगंधेची मुळी आणि वेडाचें औषध

सर्पगंधा नांवाच्या एका लहानशा झुडपाची मुळी बिहारांत ‘पागल की दवा’ या नांवानें विकली जात असे. नांवांतच गुण सांगून टाकणारें असें औषध विरळाच.

१९३१ सालीं कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनीं या मुळीविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. मुळीचें चूर्ण २० ते ३० ग्रेन या मात्रेनें दिवसांतून दोन वेळां दिलें असतां बेफाम झालेला रोगी शांत होतो, त्यास झोंप लागते व रक्ताचा दाबही उतरतो, असा त्यांचा अनुभव होता. त्याच वर्षीं दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनीं मुळींतील गुणकारी द्रव्यें वेगळीं काढलीं व त्यांतील एकास हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हें नांव दिलें.

इतकें होऊनही पुढील वीस वर्षें जगांतील मनोरुग्णांच्या पदरांत कांहीं पडलें नाहीं. हिंदुस्थानांतील नियतकालिकांत आलेला निबंध व्हिएन्ना-लंडनचे डॉक्टर कशास वाचतील? आणि येथील पदवीधरांसही ही मुळी आजीबाईच्या बटव्यांतलीच वाटली असावी. तिकडे युरोपांत मात्र एकाहून एक उग्र उपाय चालू होते. साकेल यांनीं १९३३ मध्यें इन्सुलिन टोंचून रोग्यास मूर्च्छेंत नेण्याची रीत पुढें आणली. १९३८ सालीं रोम येथें विजेच्या झटक्यांचा उपचार सुरू झाला. तो सुधारलेल्या स्वरूपांत आजही टिकून आहे. मेंदूच्या पुढील भागांतील तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया १९३५ मध्यें योजणाऱ्या मोनिझ यांस तर १९४९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें! त्या शस्त्रक्रियेनें शांतता येई खरी. पण कित्येकांचें माणूसपणच त्याबरोबर जाई.

मुळीचें भाग्य उघडलें तें रक्तदाबाच्या वाटेनें. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें छापला. तो पश्चिमेकडे वाचला गेला. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांतील बाझेल येथें सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं मुळींतील शामक द्रव्य शुद्ध रूपांत मिळविलें, तेंच रिझर्पीन. न्यूयॉर्क राज्यांतील रॉकलंड इस्पितळांत डॉ. नेथन क्लाइन यांनीं तें मनोरुग्णांस देऊन १९५४ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत त्या सुमारास साडेपांच लाखांहून अधिक माणसें होतीं. औषध सुरू झाल्यावर रॉकलंडमध्यें खिडक्यांच्या फुटक्या कांचा बसविणाऱ्या कारागिराचें काम एकदम कमी झालें, अशी हकीकत सांगतात. डॉक्टरांच्या तक्त्यांपेक्षां हा पुरावा अधिक बोलका म्हणावा लागेल. १९५७ सालीं वकील व क्लाइन या दोघांसही लास्कर पारितोषिक मिळालें.

परंतु या औषधानें कांहीं रोगी खोल विषादांत जात. शिवाय १९५२ पासून फ्रान्समध्यें वापरांत आलेलें क्लोरप्रोमाझीन लवकर गुण देई. त्यामुळें रिझर्पीन मनोरोगचिकित्सेंतून मागें पडलें. मात्र तें मेंदूंत जाऊन नेमकें करतें काय, हा शोध थांबला नाहीं. १९५५ मध्यें अमेरिकेंत ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांस आढळलें कीं, रिझर्पीन दिल्यानें मेंदूंतील सेरोटोनिनचा सांठा रिता होतो. १९५७ मध्यें स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनीं सशांस रिझर्पीन दिलें, तेव्हां ते कान पाडून निश्चल बसून राहिले. मग त्यांस एल-डोपा नांवाचें द्रव्य टोंचलें, आणि थोड्याच वेळांत ससे उठून हिंडूं लागले. कंपवाताच्या रोग्यांस आज जें औषध देतात, तें हेंच.