तांबडा द्रव, हिरवा द्रव : एका जुन्या मोटारीची पाठचिकित्सा

सित्रोएन कंपनीची ‘डीएस’ ही मोटार १९५५च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. या दोन अक्षरांचा फ्रेंच उच्चार ‘देवी’ या अर्थाच्या शब्दासारखाच होतो. रोलाँ बार्त यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या संग्रहात तिच्यावर लिहिताना गॉथिक कॅथीड्रलांचे स्मरण केले आणि तिच्या गुळगुळीत पृष्ठभागाकडे लक्ष वेधले. बार्त यांच्यासमोर होती ती प्रदर्शनातली, कोरी मोटार. तीच मोटार जुनी झाल्यावर तिचा इतिहास आतल्या, न दिसणाऱ्या सांध्यांत अधिक स्पष्ट वाचता येतो, असे आम्हांस वाटते. तो वाचण्याची वेळ पुष्कळदा तिचे पॉवर स्टिअरिंग निकामी झाल्यावर येते.

पॉवर स्टिअरिंग विक्रीच्या मोटारीत प्रथम आणले ते अमेरिकेत क्रायस्लरने, १९५१ साली. तेथे या सोयीची यंत्रणा स्वतंत्र होती. डीएसची रचना निराळी. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या पॉल माजेस यांनी विकसित केलेल्या या द्रवचलित व्यवस्थेत एकच उच्चदाबाचा पंप स्टिअरिंग, ब्रेक आणि गाडी तोलून धरणारे गोल या सर्वांना दाब पुरवतो. म्हणून चाक जड झाले तरी दोष स्टिअरिंगमध्येच असेल असे नाही. टाकीतला द्रव उतरला असेल, जाळी तुंबली असेल, पंपाचे पट्टे सैल झाले असतील. दाब साठवणाऱ्या गोलातला नायट्रोजन निघून गेला असेल, तर रेग्युलेटर घडीघडीला टकटक करून ते सांगतो. हे सगळे ठीक निघाले, तरच स्टिअरिंगच्या रॅकवरील रबरी सील गळते आहे का, हे पाहायचे. चाक आणि रॅक यांचा यांत्रिक जोड कायम असल्याने दाब गेला तरी गाडी वळते, पण बाहूंची परीक्षा होते.

खरा प्रश्न यापुढचा आहे : टाकीत कोणता द्रव घालायचा? आरंभी एरंडेलावर आधारलेला द्रव होता, पुढे तांबडा कृत्रिम द्रव आला. तांबडा द्रव हवेतला ओलावा शोषून घेतो. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की आतले पोलाद गंजते. म्हणून १९६७च्या नमुन्यापासून कंपनीने हिरवे खनिज तेल स्वीकारले. मात्र दोहोंसाठीचे रबर वेगळे. तांबड्याच्या व्यवस्थेत हिरवे तेल ओतले, तर सीले फुगून निकामी होतात आणि किरकोळ गळतीची दुरुस्ती सबंध यंत्रणा उकलण्यावर जाते.

मग गाडीचे साल पाहिले की झाले, असे वाटेल. पण अमेरिकेत गेलेल्या गाड्यांत तेथील नियमांमुळे तांबडा द्रव १९६९पर्यंत टिकला. शिवाय मधल्या एखाद्या मालकाने सारे बदलून टाकलेले असू शकते. कागद एक सांगतो, वस्तू दुसरेच. अशा वेळी जाणता मेकॅनिक टाकीतल्या द्रवाचा रंग पाहतो, भागांवरची हिरवी खूण शोधतो आणि सर्व पुरावे एकमेकांशी जुळतात का, हे तपासतो. जुन्या पोथीचे संपादन करणारा अभ्यासक पुष्पिकेतल्या शकावर न विसंबता कागद, शाई आणि लेखनपद्धती पाहतो, तीच ही दृष्टी.

तांबड्या गाडीची सर्व सीले बदलून तिला हिरव्या तेलावर आणावे का, हा वाद पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना परका वाटणार नाही. गंज टळतो, गाडी रस्त्यावर राहते, हा लाभ खरा. एका कालखंडाची तांत्रिक साक्ष पुसली जाते, ही हानीही खरी. आमच्या मते जी गाडी चालवायची आहे तिच्याबाबतीत बदल समर्थनीय आहे, पण तो खुणेसह आणि नोंदीसह व्हावा. संपादकाने पाठ बदलला तर तळटीप देणे त्याचे कर्तव्यच असते. येथे ती तळटीप टाकीवर ठळकपणे लिहायला हवी, कारण ती न वाचणाऱ्या पुढच्या माणसाच्या हातातला डबा साऱ्या यंत्रणेची वाट लावू शकतो.