क्षेत्र-मार्गदर्शक : ध्रुवीय संशोधनामागील गिर्यारोहक

ध्रुवीय प्रदेशात संशोधन केंद्रापासून दूर, तंबूत राहून काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या सुरक्षिततेची जबाबदारी अनुभवी गिर्यारोहकांवर असते. त्यांना क्षेत्र-मार्गदर्शक म्हणतात. अंटार्क्टिकातील अ‍ॅडलेड बेटावर ब्रिटनचे रोथेरा केंद्र १९७५ पासून कार्यरत आहे. तेथून विमानाने हिमनद्यांवर उतरविल्या जाणाऱ्या पथकात अनेकदा एक शास्त्रज्ञ व एक मार्गदर्शक असे दोघेच असतात.

मोठा धोका हिमभेगांचा असतो. वाऱ्याने साचलेला बर्फ भेगेचे तोंड झाकून टाकतो आणि पृष्ठभाग सलग भासतो. म्हणून स्नोमोबाईल व घसरगाड्या दोराने एकमेकींना जोडतात; एक वाहन भेगेत कोसळल्यास इतरांच्या वजनाने ते अडावे, हा त्यामागील हेतू. मार्ग निवडणे, तंबू उभारणे, रेडिओवरून केंद्राशी संपर्क ठेवणे ही कामेही मार्गदर्शकाची. हवामान बिघडल्यास, नमुने गोळा व्हायचे राहिले तरी, माघारीचा सल्ला त्यालाच द्यावा लागतो.

भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र राबविते. मोहिमेतील सदस्यांना प्रस्थानापूर्वी उत्तराखंडमधील औली येथे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या संस्थेत बर्फावरील वावराचे प्रशिक्षण दिले जाते.