पुडीवरचा विंचू

गडमुडशिंगीतल्या पानटपरीवर तंबाखू मागणारा पुडीवरचा मजकूर वाचत बसत नाही. "एक गाय छाप दे," एवढं म्हटलं की काम होतं. चिमूटभर तंबाखू तळहातावर, नखावर चुना, अंगठ्याने मळणं, दोन थापा आणि बार ओठाआड. या व्यवहारात वाचण्याजोगं काही नाहीच. बिडी, तंबाखू, काडेपेटी हा माल आपल्याकडे छापावर खपत आला. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकालाही नेमका तोच माल मिळावा, ही त्यामागची व्यापारी अक्कल. तंबाखूवरच्या वैधानिक इशाऱ्याची कुळकथा शोधताना माझं बोट या छापावरच येऊन थांबलं.

सुरुवातीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेत १९६६ पासून सिगारेटच्या पाकिटावर सावधगिरीची ओळ आली. आपल्याकडे १९७५ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७६ पासून सिगारेट ओढणं आरोग्याला अपायकारक असल्याचं पाकिटावर छापणं सक्तीचं झालं. पण फक्त सिगारेटच्या. बिडी, सिगार, चिरूट, तपकीर, खायची तंबाखू सगळं मोकळं. म्हणजे निपाणीच्या शिवारातल्या तंबाखूची बिडी ओढणाऱ्याला सरकारने सावध केलंच नाही. याचं कारण कुणी बिडी कामगारांच्या पोटापाण्यात शोधतं, कुणी मतांमध्ये. मला आणखी एक कारण दिसतं. इशारा म्हणजे वाचायची ओळ, एवढीच तेव्हाची समजूत होती. आणि वाचणारा माणूस सिगारेट ओढतो, असं दिल्लीने धरून चाललं असावं.

२००३ च्या कायद्याने ही फट बुजवली. त्याच्या परिशिष्टात सिगारेट, सिगार, चिरूट, बिडीपासून गुटखा आणि तंबाखूयुक्त दंतमंजनापर्यंत सगळे आले. इशारा कोणत्या भाषेत हवा, तेही ठरलं. वेष्टनावर मराठी असेल तर इशारा मराठीत. वेष्टन परदेशी भाषेतलं असेल, तर इशारा इंग्रजीत. म्हणून स्पॅनिश लेबलाच्या क्युबन सिगारवर आपला कायदा इंग्रजी मागतो.

खरी गंमत ३१ मे २००९ पासूनची. त्या दिवसापासून पाकिटांवर चित्र आलं, दर्शनी भागाच्या ४० टक्के जागेत. ओढायच्या मालावर फुप्फुसं आणि खायच्या तंबाखूवर चक्क विंचू!

विंचूच का? एक तर्क असा की कर्करोगाची खूण म्हणून खेकडा हवा होता, त्याचा विंचू झाला. मला हे पटत नाही. नांगी वर केलेला विंचू आणि आडवा चालणारा खेकडा यांतला फरक शेंबड्या पोरालाही कळतो. दुसरा तर्क विषाचा: विंचू म्हणजे विष, विष म्हणजे मरण. हा तर्क जवळचा आहे, पण घाटमाथ्यावर तो लंगडतो. आमच्याकडे विंचू चावलेला माणूस रात्रभर कळवळतो आणि पुढे जन्मभर तो किस्सा सांगतो. कोकणातला लाल विंचू जीव घ्यायचा हे खरं. पण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून तिथलेही रुग्ण वाचवले होते. ज्या दंशावर उपाय सापडला होता, त्याचीच भीती सरकार घालत होतं.

माझं म्हणणं असं की विंचू कुठूनही आलेला असो, पुडीवर उतरताच तो छापांच्या गोतावळ्यात सामील झाला. गाय, उंट, वाघ यांच्या ओळीत आणखी एक प्राणी. पिढ्यान्‌पिढ्या पुडीवरचं चित्र मालाची ओळख सांगत आलं; तेच चित्र एकदम मालाविरुद्ध बोलू लागलं, हे गिऱ्हाइकाने कसं ओळखावं?

१ डिसेंबर २०११ पासून विंचू गेला आणि सडलेल्या तोंडांची चित्रं आली. तिथे छाप संपला आणि इशारा सुरू झाला. त्याची धार कळली म्हणूनच पुढची भांडणं चित्राच्या आकारावरून झाली. ८५ टक्के जागेचा नियम एप्रिल २०१५ मध्ये लागू व्हायचा होता. त्याआधी फेब्रुवारीत राज्याचे माजी गृहमंत्री, तासगावचे आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. तरीही नियमांची छाननी करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष, नगरचे खासदार दिलीप गांधी यांनी तंबाखूने कर्करोग होतो असं दाखवणारं भारतीय संशोधन नाही, असं म्हटलं. नियम वर्षभर लांबला आणि १ एप्रिल २०१६ पासून लागू झाला.

चित्र मोठं झालं, तरी ते वेष्टनापुरतंच. सुटी सिगारेट-बिडी घेणाऱ्याला पाकीट दिसत नाही, म्हणून महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी विक्री बंद केली. घरी तव्यावर भाजलेल्या मिसरीला तर वेष्टनच नसतं. तिथे हा कायदा पोहोचतच नाही. तिथे घरच्यांनीच बोलायला हवं. २०१८ पासून पुडीवर तंबाखू सोडण्यासाठी मदतीचा क्रमांक छापला जातो : १८००-११-२३५६. पुढच्या वेळी पुडी हातात आली, तर छापाआधी तो बघा.