१२. उजवा कौल

कोकणात लग्न, विहीर, घरबांधणी, परगावचा प्रवास अशा बाबतींत मन ठरत नसेल, तर ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवापुढे गाऱ्हाणे घालतो आणि मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या, पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतो. देवाच्या उजव्या अंगाचे आधी पडले तर होकार, डाव्या अंगाचे पडले तर नकार. काहीच न पडल्यास थांबतात. काय चिकटवायचे, कुठे आणि किती, हे देवळागणिक बदलते. गोव्यात या प्रथेला ‘प्रसाद लावणे’ म्हणतात. समजा, प्रश्न मुंबईला चाकरीसाठी जावे की नाही, हा आहे. मग ‘कौल उजवा झाला’ म्हणजे देवाने जाण्यास संमती दिली.