ढगांखालच्या सोळा प्लेटा

आफ्रिकेच्या पश्चिमेला प्रिन्सिपे नावाचं छोटं बेट आहे. २९ मे १९१९ ला तिथे सकाळी धो धो पाऊस पडला आणि दुपारी खग्रास सूर्यग्रहण होतं. आर्थर एडिंग्टन इंग्लंडहून दुर्बीण घेऊन आला होता. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश आइन्स्टाइनच्या हिशेबाने १.७५ विकला वळायला हवा होता, न्यूटनच्या हिशेबाने त्याच्या निम्मा. एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग! आणि हातात वेळ जेमतेम पाच मिनिटं.

ढग हटेनात. तरी ठरल्याप्रमाणे १६ प्लेटा घेतल्या. प्लेटा बदलण्याच्या नादात एडिंग्टनने वर पाहिलं फक्त दोनदा: ग्रहण लागलं का, आणि ढग किती आहेत. एवढा समुद्र ओलांडून ग्रहण न बघणारा हा माणूस मला फार आवडतो. शेवटी ढग विरळ झाले, दोन प्लेटांवर पाचपाच तारे उमटले. उत्तर आलं १.६१.

ब्राझीलमध्ये सोब्रालला ऊन लख्ख होतं. तिथल्या धाकट्या दुर्बिणीने १.९८ दिलं; मोठीचे तारे मात्र फिसकटले आणि तिचं उत्तर न्यूटनजवळ गेलं. ते बाजूला ठेवलं म्हणून लबाडीचा संशय आजही घेतात. मला तो पटत नाही. १९७९ मध्ये त्याच प्लेटा यंत्राने पुन्हा मोजल्या, तेव्हा उत्तर आइन्स्टाइनकडेच झुकलं.

मोठ्या दुर्बिणीचा आरसा उन्हाने तापून बिघडला, असा तेव्हाचा अंदाज होता. प्रिन्सिपेत ती भीती नव्हती. तिथे आरशावर ऊन पडलंच नव्हतं, ढगांमुळे.