कर्णिका (प्रवासी जहाज)

कर्णिका हे इटलीत बांधलेले आणि २०१९ ते २०२० या काळात मुंबई बंदरातून चालवले गेलेले पर्यटक प्रवासी जहाज होते. १९९० साली 'क्राउन प्रिन्सेस' या नावाने सेवेत आलेल्या या जहाजाने तीस वर्षांत सहा नावे धारण केली. अमेरिकी, जर्मन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि शेवटी भारतीय प्रवाशांची त्याने सेवा केली. कोविड-१९ च्या साथीत पर्यटक जहाजांचा व्यवसाय ठप्प झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याची विक्री झाली आणि २०२० च्या अखेरीस गुजरातमधील अलंग येथे ते तोडण्यासाठी गेले.

नाव

'कर्णिका' या संस्कृत शब्दाचे कमळाच्या मध्यभागी असणारा बीजकोश आणि कानातील आभूषण असे दोन अर्थ प्रचलित आहेत. जहाज चालवणाऱ्या कंपनीच्या नावातील 'जलेश' म्हणजे जलाचा स्वामी, वरुण. जहाजाचे नाव मालकाच्या इच्छेनुसार बदलत असले, तरी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पद्धतीनुसार दिलेला सात अंकी क्रमांक बांधणीपासून मोडणीपर्यंत तोच राहतो. म्हणून अनेक नावांच्या जहाजाचा इतिहास अखंड शोधता येतो.

बांधणी आणि रचना

या जहाजाची मागणी मुळात 'सिटमार क्रूझेस' या कंपनीने नोंदवली होती. ही कंपनी १९८८ मध्ये ब्रिटिश 'पी अँड ओ' समूहाने विकत घेतल्यामुळे तयार झालेले जहाज त्याच समूहातील 'प्रिन्सेस क्रूझेस'कडे आले. बांधणी इटलीतील मोन्फाल्कोने येथील फिन्कान्तिएरी कंपनीच्या गोदीत झाली.

जहाजाची लांबी सुमारे २४५ मीटर आणि सकल टनभार सुमारे ७०,००० होता. सकल टनभार हे वजनाचे माप नसून जहाजाच्या अंतर्गत घनफळावरून काढलेले माप आहे. प्रवासी क्षमता सुमारे दोन हजार होती. बाह्याकृतीच्या रचनेत इटालियन वास्तुविशारद रेन्झो पियानो यांचा सहभाग होता. पॅरिसमधील पाँपिदू केंद्राच्या रचनाकारांपैकी ते एक होत. जहाजाच्या पुढील भागी, वरच्या बाजूस असलेला गोलसर घुमट आणि त्याखालील निमुळती रेषा यांमुळे बाजूने पाहता डॉल्फिनच्या डोक्याचा भास होई. १९९० मध्ये न्यूयॉर्क येथे अभिनेत्री सोफिया लोरेन यांच्या हस्ते जहाजाचे नामकरण झाले.

१९९१ मध्ये याच आराखड्यावरचे 'रीगल प्रिन्सेस' हे भगिनी जहाज सेवेत आले. त्याचे नामकरण मार्गारेट थॅचर यांनी केले.

नावे आणि बाजारपेठा

क्राउन प्रिन्सेस (१९९०–२००२): उत्तर अमेरिकी प्रवाशांसाठीचे पर्यटक जहाज.

आरोझा ब्लू (२००२–२००४): जर्मन बाजारपेठेसाठी काढलेल्या नव्या नाममुद्रेखाली.

आयडाब्लू (२००४–२००७): जर्मनीतील 'आयडा' कंपनीकडे. नाळेवर रंगवलेले लाल ओठ ही या कंपनीच्या जहाजांची ओळख आहे.

ओशन व्हिलेज टू (२००७–२००९): अनौपचारिक सहली पसंत करणाऱ्या ब्रिटिश प्रवाशांसाठी.

पॅसिफिक ज्वेल (२००९–२०१९): 'पी अँड ओ ऑस्ट्रेलिया'कडे.

कर्णिका (२०१९–२०२०): मुंबईहून, 'जलेश क्रूझेस'कडे.

या यादीवरून जहाज वारंवार विकले गेले असा समज होण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात २०१९ पर्यंतचे बहुतेक बदल एकाच व्यापारी परिवारात झाले. २००३ मध्ये 'पी अँड ओ प्रिन्सेस' आणि अमेरिकेची 'कार्निव्हल' एकत्र आल्यावर आयडा, ओशन व्हिलेज आणि पी अँड ओ ऑस्ट्रेलिया या साऱ्या नाममुद्रा त्याच छत्राखाली होत्या. एका बाजारपेठेत नवी, अधिक मोठी जहाजे आली की जुने जहाज दुसऱ्या बाजारपेठेत पाठवायचे, तेथील रुचीप्रमाणे रंग, भोजनगृहे आणि करमणूक बदलायची, ही या व्यवसायातील रूढ पद्धत आहे. सांगाडा आणि यंत्रे तीच राहतात. कर्णिका होतानाच जहाज या परिवाराबाहेर पडले.

मुंबईतील काळ

महाराष्ट्राला सागरी प्रवासाची परंपरा जुनी आहे. मुंबईहून कोकणातील बंदरांकडे आणि गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी हे दीर्घकाळ कोकणी माणसाचे मुख्य वाहन होते. रस्ते सुधारल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वाहतूक मागे पडली. पर्यटनासाठीच्या समुद्रसफरी हा त्याहून निराळा व्यवसाय होय. त्यात पोहोचण्याचे ठिकाण दुय्यम असते आणि जहाजावरील वास्तव्य हाच प्रवासाचा हेतू असतो. सुपरस्टार लिब्रा, कोस्टा निओक्लासिका अशा परदेशी कंपन्यांच्या जहाजांनी काही हंगाम मुंबईहून अशा सफरी केल्या होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर 'आंग्रिया' हे जहाज सुरू झाले.

या पार्श्वभूमीवर एस्सेल समूहाच्या 'जलेश क्रूझेस'ने पॅसिफिक ज्वेल विकत घेतले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील सेवा संपवून जहाज एप्रिलमध्ये मुंबईत दाखल झाले. मुंबईहून गोवा आणि दीव येथे थोड्या दिवसांच्या सफरी होत, तर हिवाळ्यात दुबई हे गृहबंदर ठरवण्यात आले होते. भारतीय कुटुंबांचा विचार करून शाकाहारी आणि जैन भोजनासाठी स्वतंत्र स्वयंपाकघराची सोय होती. भारतीय भांडवलावर आणि भारतीय प्रवाशांच्या आवडीनिवडीनुसार एवढे मोठे जहाज मुंबईहून चालवण्याचा हा महत्त्वाकांक्षी प्रयत्न होता.

सेवा बंद होणे आणि विक्री

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या प्रादुर्भावामुळे भारतीय बंदरांत पर्यटक जहाजांवर निर्बंध आले आणि कर्णिकाच्या सफरी थांबल्या. पर्यटक जहाज उभे असले तरी त्याचा खर्च थांबत नाही. वीजनिर्मितीसाठी इंधन, किमान नोकरवर्गाचे वेतन, विमा, बंदराचे शुल्क आणि देखभाल चालूच ठेवावी लागते. तिकिटांचे उत्पन्न मात्र पूर्ण बंद होते. एकच जहाज असलेल्या नव्या कंपनीला हा भार पेलणे कठीण होते. थकलेल्या देण्यांचे दावे उभे राहिले, न्यायालयाच्या आदेशाने जहाज अटकावण्यात आले आणि त्याच वर्षी जलेश क्रूझेसचा कारभार बंद झाला.

सागरी कायद्यात दावा केवळ मालकाविरुद्ध नव्हे, तर प्रत्यक्ष जहाजाविरुद्ध करता येतो. मालक दूरदेशी असला किंवा दिवाळखोर झाला, तरी जहाज न्यायालयाच्या क्षेत्रातील बंदरात असेल तर ते रोखून ठेवता येते. भारतात यासंबंधीचा २०१७ चा नौअधिकारिता कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. मुंबई उच्च न्यायालयाला ही अधिकारिता आहे. या कायद्यानुसार सागरी धारणाधिकारांच्या क्रमवारीत खलाशी व कर्मचारी यांच्या वेतनाला अग्रक्रम मिळतो. न्यायालयीन विक्रीत खरेदीदाराला जहाज जुन्या बोज्यांपासून मुक्त स्वरूपात मिळते आणि दावेदारांना विक्रीच्या रकमेतून क्रमाने पैसे दिले जातात. कर्णिकाचा लिलाव मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानेच झाला.

अलंग येथे मोडणी

नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस कर्णिका गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातील अलंगच्या किनाऱ्यावर नेण्यात आले. अलंग येथे १९८३ पासून जहाजभंजन चालते. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक फार मोठा असतो. मोठ्या भरतीला जहाज स्वतःच्या यंत्रशक्तीने किनाऱ्यावर चढवतात आणि ओहोटीला ते कोरड्यात उभे राहिले की गॅस कटरने टप्प्याटप्प्याने कापतात. पोलाद पुनर्लाटण गिरण्यांकडे जाते. खाटा, आरसे, भांडी, फर्निचर अलंगच्या रस्त्यालगतच्या दुकानांत विकले जाते. महाराष्ट्रात असे काम मुंबईच्या दारूखाना भागात होते. 'आयएनएस विक्रांत' ही पहिली विमानवाहू नौका २०१४ मध्ये तेथेच तोडण्यात आली.

हे काम धोक्याचे आहे. उंचावरून पडणे, आग आणि जुन्या जहाजांतील ॲस्बेस्टॉससारखे घातक पदार्थ यांपासून कामगारांच्या जिवाला व आरोग्याला अपाय संभवतो. भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्चक्रण कायदा संमत केला आणि त्याच वर्षी हाँगकाँग आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. हा करार २६ जून २०२५ पासून जागतिक पातळीवर अमलात आला.

समकालीन जहाजे

साथीच्या काळात जगभर अनेक पर्यटक जहाजे वेळेआधी मोडीत निघाली. १९९० साली सेवेत आलेले 'कार्निव्हल फँटसी' २०२० मध्ये तुर्कस्तानातील आलिआगा येथे तोडण्यासाठी गेले. कर्णिकापाठोपाठ जानेवारी २०२१ मध्ये अलंगला आलेले 'मार्को पोलो' त्याहून पंचवीस वर्षांनी जुने होते. सोव्हिएत संघासाठी पूर्व जर्मनीतील विस्मार येथे १९६५ मध्ये बांधलेले हे जहाज 'अलेक्सांद्र पुश्किन' या नावाने लेनिनग्राद–माँट्रियल मार्गावर धावले. सोव्हिएत संघाच्या अखेरच्या वर्षी, १९९१ मध्ये विकले गेल्यावर ग्रीसमध्ये त्याची पुनर्बांधणी झाली आणि १९९३ पासून ते पाश्चात्त्य पर्यटकांसाठी चालू लागले. जुलै २०२० मध्ये त्याची ब्रिटिश संचालक कंपनी बंद पडली.

कर्णिकाचे भगिनी जहाज मात्र वाचले. 'पॅसिफिक डॉन' या नावाने ऑस्ट्रेलियात सेवा केल्यावर २०२० मध्ये ते 'सातोशी' या नावाने पनामाजवळ तरंगत्या वसाहतीसाठी विकत घेण्यात आले. ती योजना फसली. पुढे ब्रिटनच्या 'अँबॅसडर क्रूझ लाइन'ने ते विकत घेतले आणि एप्रिल २०२२ पासून 'ॲम्बियन्स' नावाने ते लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून प्रवासी नेऊ लागले.

मुंबईतही ही जागा फार काळ रिकामी राहिली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया क्रूझेस'चे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून सुरू झाले. फ्रान्समधील सेंट-नाझेर येथे 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून बांधलेले हे जहाजही १९९० सालीच सेवेत आले होते. एकाच वयाच्या या जहाजांची भवितव्ये निराळी ठरली. जहाज किती जुने आहे याइतकेच, आर्थिक संकटाच्या वेळी त्याच्या मागे कोण उभे आहे आणि त्याला पुढचा गिऱ्हाईक मिळतो की नाही, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते, हे कर्णिकाच्या उदाहरणावरून दिसते.