उपदेश न करणारे समुपदेशक

मुलं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आली की आपल्या घरांत डॉक्टर, इंजिनिअर नाहीतर कॉम्प्युटर, एवढीच चर्चा रंगते. जेनेटिक कौन्सेलिंग, म्हणजे आनुवंशिक समुपदेशन, हे नाव त्यात क्वचितच निघतं. पण या व्यवसायाचा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत 'युजेनिक्स'चं, म्हणजे वंशसुधारणेचं, वेड होतं. मुलं कोणी होऊ द्यायची आणि कोणी नाही, हे सरकार ठरवू लागलं. १९२७ साली 'बक विरुद्ध बेल' खटल्यात सुप्रीम कोर्टाने सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध ठरवला. मिनेसोटा विद्यापीठातली डाइट इन्स्टिट्यूटसुद्धा चार्ल्स डाइट या कट्टर वंशसुधारणावाद्याने मागे ठेवलेल्या पैशांतून उभी राहिली. गंमत अशी, की तिथेच १९४७ साली शेल्डन रीड यांनी 'जेनेटिक कौन्सेलिंग' हा शब्द दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं: माहिती आपण द्यायची, निर्णय कुटुंबाने घ्यायचा.

पुढे १९५६ साली माणसाची गुणसूत्रं ४६ असल्याचं सिद्ध झालं, १९५९ साली डाउन सिंड्रोमचं कारण कळलं आणि विचारायला येणारी कुटुंबं वाढली. १९६९ साली न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात मेलिसा रिक्टर यांनी या विषयाचा पहिला मास्टर्स अभ्यासक्रम सुरू केला. पहिली तुकडी १९७१ साली बाहेर पडली. १९७९ साली समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना झाली. आजही अमेरिकेत मार्ग तोच आहे: साधारण दोन वर्षांचं मास्टर्स, मग बोर्डाची परीक्षा.

आपल्या समाजाला याची गरज आहे का? थॅलसेमियाचंच घ्या. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तरच साधारणपणे मुलाला गंभीर आजार होतो, आणि प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता २५ टक्के असते. तरीही "हे कुणाच्या घराण्यातून आलं?" असं विचारत सुनेकडे बोट दाखवणारी घरं आपण पाहिली आहेत. तिथे शांतपणे कागदावर वंशवेल काढून समजावणारं माणूस हवं.

'समुपदेशन' या शब्दातच उपदेश दडलाय, आणि उपदेशाचा आपल्याला भारी सोस! हा व्यवसाय मात्र तो आवरायला शिकवतो. विज्ञानाची आवड आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय, दोन्ही तुमच्या मुलीत किंवा मुलात असेल, तर यंदाच्या चर्चेत हेही नाव येऊ द्या.